मीठ उजव्या हाताला

शनिवार, ८ जुलै

ही वही मी असलं काही लिहायला घेतली नव्हती. ब्रेमरहाफेनच्या स्टेशनवर घेतली, पापा जे शिकवेल ते उतरवून ठेवायला. माझ्या डोक्यात काही राहत नाही, हे शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे. दहा दिवसांची रजा, दहा धडे, रोज एक पान, असा हिशेब करून निघालो. आज धडा झाला नाही आणि पान कोरं ठेवायला जीव होईना, म्हणून हे.

बस पाच वाजता गावात शिरली. पापा थांब्यावर उभा होता. चार वर्षांनी बघत होता मला. मी मागच्या दाराने उतरलो, त्याने माझ्याकडे सरळ बघितलं आणि तोंड फिरवून पुढच्या दाराकडे बघायला लागला! मी बॅग घेऊन दोन पावलांवर उभा. शेवटी मीच म्हटलं, "काय पापा, अजून राग आहे का?" तेव्हा कुठे वळला. मिठी मारली, माझ्या खांद्यांवरून, दंडांवरून हात फिरवला. "भरलायस," म्हणाला. मी म्हटलं, "आठ तास पेट्या उचलतो, भरणारच."

घरी येईपर्यंत सगळं सांगून टाकलं. की मला त्या मासळीच्या कारखान्यात आणखी एक हिवाळा काढायचा नाही. बर्फात हात घालून मासे डब्यात भरायचे, घड्याळ बघायचं, परत भरायचे. की तिथल्या नदीकाठी पेटर्सन नावाच्या बाईंची खानावळ आहे, त्यांना यंदा आपल्याकडच्यासारखा किनारा करायचाय. वाळू ओतली, जुनी होडी आणली, होडीत वाळू भरली, आता तिच्यात निखारे पेटवून सळईवर तारल्या भाजणारा माणूस हवा. मला विचारलं, "येतं का?" मी म्हटलं, "माझा बाप चाळीस वर्षं तेच करतोय, माझ्या रक्तात आहे." रक्तात काही नाही. लहानपणी मी त्या धुरापासून लांब पळायचो. एक ऑगस्टला त्या मला होडीपुढे उभं करणार आहेत. जमलं तर कारखाना सुटला. नाही जमलं तर परत बर्फ.

पापाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "उद्या बघू."

रविवार, ९ जुलै

रविवारी कुणी शिकवतं का, म्हणे. गर्दी असते.

रेमे मावशीची खानावळ आहे तशीच आहे, वाळूत चार खांब आणि वर बोरूचं छप्पर. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण. आई गेल्यावर पापाला तिनेच धरून ठेवलं. मला बघून ओरडली, "आला गं बाई, जर्मन आला! मोजे काढ आधी, समुद्र हसेल!" दुपारपर्यंत सगळं गाव मला जर्मन म्हणत होतं.

मी वही घेऊन होडीच्या बाजूला उभा राहिलो. बघून बघून उतरवून घ्यावं म्हटलं. पण पापाचं काम बघून काही कळत नाही. तो होडीकडे बघतच नाही. मान वर करून, समुद्राकडे तोंड करून, कुठेतरी लक्ष असल्यासारखा उभा असतो आणि हात आपले चालू. तारल्या ओवतो, मीठ मारतो, सळई वाळूत रोवतो, पाण्याच्या बादलीत हात बुडवतो, फिरवतो. मी विचारलं, "पालटायची कधी ते कसं कळतं?" तर म्हणाला, "ती सांगते."

"कोण?"

"तारली."

लोलो नावाचा वेटर आहे, माझ्याच वयाचा. तो जरा जास्तच ओरडतो. प्रत्येक वेळी होडीपाशी येऊन पापाला, "फ्रास्को, चार सळया! डोंगराच्या बाजूने दुसरी सळई झाली बघ, घेतो मी!" अरे, तो काय बहिरा आहे? मी लोलोला म्हटलं, "हळू बोल की." तो म्हणाला, "तू तुझ्या जर्मनीत हळू बोल."

अन्सेल्मो मास्तर अजून रोज येतात. ज्यांनी मला दोनदा एकाच वर्गात बसवलं, तेच. होडीजवळचं टेबल त्यांचं. दोन सळया, एक बिअर, आणि पेपर मोठ्याने वाचतात, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा. पापा हं हं करतो. काम करताना पेपर ऐकायचा! आमच्या कारखान्यात रेडिओ लावला तरी ताकिदीची चिठ्ठी देतात.

पान दुसरं. धडा नाही.

सोमवार, १० जुलै

सोमवारी खानावळ बंद असते. मला वाटलं, आज निवांत शिकवेल. अकराला उठला. कॉफी करून दिली, पेल्याच्या काठाला बोट लावून ओतत होता, मी म्हटलं, "बोट भाजेल," तर म्हणे, "सवय आहे." एका पायात काळा मोजा, एकात निळा. दाढी निम्मी. आई असती तर घराबाहेर पडू दिलं नसतं.

जेवण, मग वामकुक्षी, मग चौकात डॉमिनो. एक सोंगटी लावायला इतका वेळ! हातात घेतो, अंगठ्याने खळगे चोळत बसतो, विचार करतोय असा आव आणतो. तीन म्हातारे गप्प बसून वाट बघतात, जसं काही घाई हा शब्दच कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, "पापा, लाव की आता!" एक म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी चर्चमध्ये शिट्टी मारली.

घरी येताना म्हटलं, "उद्या नक्की?"

"वारा बघू."

मला या गावाचं कळतच नाही. चार वर्षांपूर्वी इथून का पळालो, ते आता आठवलं. इथे कुणाला कुठे पोचायचंच नसतं.

मंगळवार, ११ जुलै

तेराल सुटलाय. डोंगरावरून येणारा वारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. समुद्र मात्र बर्फ. असल्या दिवशी गावात कुणी मोठ्याने भांडतसुद्धा नाही.

तरी मी सोडलं नाही. दहा वाजता पापाच्या पुढे जाऊन उभा राहिलो. "शिकव. नाहीतर शिकवत नाही म्हणून सांग." त्याने एप्रनला हात पुसले. मग एक तारली माझ्या हातात दिली, एक सळई दिली.

"डोळे मीट."

"कशाला?"

"मीट तर. काटा कुठे आहे ते बोटाला विचार. सळई काट्याच्या खालून गेली पाहिजे, म्हणजे काटा तिला धरून ठेवतो. वरून गेली तर मासा फाटून निखाऱ्यात पडतो."

मी मिटले. सळई तळहातात घुसली. मागून लोलो हसला. दुसरी घेतली, मासा फाटला. तिसरा फाटला. मी डोळे उघडले तर पापा म्हणाला, "उघडू नकोस." अरे, पण तो माझ्याकडे बघतही नव्हता, त्याला कसं कळलं? म्हटलं, "उघडे ठेवून पटकन शिकेन ना! लहान मुलांचा खेळ आहे का हा?"

"मला असंच शिकवता येतं."

"तुला शिकवायचंच नाहीये. मी तिकडे जाऊन तोंडावर पडलो की तुला बरं वाटेल. म्हणशील, बघ, गेलास आणि काय मिळवलंस."

मी सळई वाळूत फेकली आणि पोहायला गेलो. पाणी इतकं गार की शिव्याही नीट देता येईनात.

परत आलो तर पापा वाकून, वाळूत चाचपडत ती सळई शोधत होता. सळई त्याच्या पायाशी होती. मला दाखवायला करत होता सगळं.

गुरुवार, १३ जुलै

काल काही लिहिण्यासारखं नव्हतं. उद्या बघू, वारा बघू, आधी जेव.

आज मात्र मी एक काम केलं. दुपारी होडीचं दिवसाचं काम आटोपून सगळे झोपले होते, पापा घरी. मी एकटाच होडीपाशी गेलो. ती जागा बघूनच माझं डोकं उठायचं. मिठाचं टोपलं एकीकडे, पाण्याची बादली दुसरीकडे, ओवलेल्या सळया मध्येच. निखारे भरून ठेवायची बादली पार टोकाला, म्हणजे दर वेळी चार पावलं चालायचं. कारखान्यात कितीही वाईट असलं तरी एक गोष्ट शिकलो : प्रत्येक वस्तूला जागा, जागेवर नाव, हात कमीत कमी फिरला पाहिजे.

दोन तास खपलो. निखाऱ्याची बादली जवळ घेतली, जिथे पाण्याची होती तिथे. पाण्याची होडीच्या मागे, सावलीत. मीठ डावीकडे. सळया लांबीप्रमाणे. होडीच्या कडेला पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरात नावं लिहिली : मीठ, निखारे, सळया. दोन चुका मास्तरांनी काढल्याच असत्या, पण वाचता येतं.

आता त्याला दिसेल की मी नुसती बडबड करत नाही. कदाचित म्हणेल, ये, लाव हात.

शुक्रवार, १४ जुलै

सकाळी लोलोला म्हटलं, विस्तव मी पेटवतो. एरवी तोच पेटवतो, पापाला ते नको असतं. लोलो म्हणाला, "मला काय, पेटव," आणि बाटल्यांच्या पेट्या उतरवायला गेला. मी ऑलिव्हचं लाकूड छान जाळलं, राख धरलेले निखारे बादलीत भरून ठेवले.

पापा आला. एप्रन बांधला. मी वाट बघत होतो की आता अक्षरं वाचेल. त्याने एकदाही बघितलं नाही. मला इतका राग आला की मीही तोंड उघडलं नाही. त्याने पहिली सळई रोवली, दुसरी डाव्या हातात धरली, आणि उजवा हात ओला करायला बादलीत घातला.

तो आवाज मी लिहीत नाही.

मावशी स्वयंपाकघरातून धावली. हात पाण्यात धरला, गार पाण्यात, कितीतरी वेळ. मग तिने होडी बघितली. बादल्या बघितल्या. "कुणी हलवलं हे? कुणी हात लावला इथे?"

मी म्हटलं, "मी. नीट लावलं. नावंसुद्धा लिहिलीत!"

तिने माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. चोवीस वर्षांचा आहे मी, सगळ्या किनाऱ्यासमोर. मीही ओरडलो, "भर उन्हात, डोळ्यांसमोरच्या निखाऱ्यात हात घालतो, म्हणजे मी काय केलं? सकाळपासून प्यालाय का तो? त्याला विचार ना!"

मास्तरांनी पेपर घडी करून ठेवला.

दवाखान्यात मीच घेऊन गेलो. नर्सने मलम लावलं, पट्टी बांधली. उजव्या हाताचा अख्खा तळवा. बांधता बांधता ती म्हणाली, "फ्रास्को, तुम्हाला मार्चमध्येच सांगितलं होतं ना डॉक्टरांनी, विस्तवाजवळ जायचं नाही म्हणून?"

मी म्हटलं, "का नाही जायचं?"

ती पापाकडे बघायला लागली. पापा भिंतीकडे. मग तिने पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. त्याने डावा हात पुढे केला आणि पेल्याच्या एक वीत अलीकडे हवेत मूठ मिटली.

आज एवढंच.

शनिवार, १५ जुलै

काचबिंदू. हे नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं.

सगळ्यांना माहीत होतं. मावशीला, लोलोला, मास्तरांना, त्या तीन डॉमिनोवाल्या म्हाताऱ्यांना. पाववाल्यालासुद्धा, तो पाव त्याच्या हातातच देतो, मला वाटायचं लाडावून ठेवलाय. पापाने कोळ्यांच्या कार्मेनमातेची शपथ घातली होती म्हणे सगळ्यांना. म्हणजे मी सोडून अख्खं गाव एकीकडे! सकाळी लोलोला गाठून भांडलो. "चार वर्षांत एक निरोप नाही देता आला?" तो म्हणाला, "तू चार वर्षांत किती वेळा आलास?" मारणारच होतो त्याला. पण ते खरं होतं.

मग घरी गेलो. पापा अंगणात बसला होता, पट्टीचा हात मांडीवर.

"कधीपासून?"

"तुझी आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षापासून. आधी बाजूचं गेलं. आता पाइपातून बघितल्यासारखं आहे. पाइपही धुरकट."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"फोनवर कुणालाच दिसत नाही. तेवढाच वेळ सगळ्यांसारखा असायचो."

मी हसलो नाही. मला त्याचा राग आला होता आणि अजूनही आहे. म्हटलं, "आणि मी आल्यावर? आठवडाभर उद्या बघू, वारा बघू! मी तुला काय काय बोललो!"

"बोललास ना. बरं वाटत होतं." आणि मग, थांबत थांबत, "बसमधून उतरल्यापासून तुझं एकच, शिकव, शिकव. पहिल्या दिवशी सळई हातात दिली असती, तर पहिल्याच दिवशी तुला कळलं असतं. म्हटलं, काही दिवस आळशी म्हणू दे. आळशी बापावर पोरगं चिडतं. चिडलेला असलास की तू माझ्याशी माणसासारखा भांडतोस. आत्ता बघ कसा बोलतोयस. आवाज उतरला तुझा."

"उतरला नाही."

"उतरलाय. मला तेवढं कळतं."

मग म्हणाला, "आणि शिकवलं नाही म्हणू नकोस. मंगळवारी शिकवलं. तू फेकून पोहायला गेलास."

"डोळे मीट म्हणत होतास!"

"मग काय करू? निखारा कुठल्या रंगावर आला की तारली लावायची, ते मी विसरलो, आमादोर. आता जे वापरतो तेवढंच देऊ शकतो."

उद्या सोळा जुलै. कार्मेनमातेचा दिवस, वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी, आणि भाजणाऱ्याचा हात पट्टीत. मावशी येऊन उंबऱ्यात उभी राहिली. माफी मागितली नाही, मीही नाही. म्हणाली, "ए जर्मन. उद्या दहा वाजता."

रविवार, १६ जुलै

पाय दुखतायत, डोळे लाल झालेत, अंगाला असा वास येतोय की मांजरं मागे लागली.

पापाची खुर्ची होडीला पाठ करून ठेवली. मी म्हटलं, "अरे, इकडे तोंड करून तरी बस." म्हणाला, "तोंड करून काय करू? पाठीला विस्तव जास्त कळतो." बादल्या, मीठ, सगळं मी लावलेलंच होतं, हलवायला वेळ नव्हता. मलाच सापडत नव्हतं काही. उजव्या हाताने मीठ घ्यायला जायचो आणि ते डावीकडे! माझीच अक्षरं वाचत होतो मी, आंधळ्यासारखा. हा शब्द मी लिहिला, राहू दे.

पहिल्या दहा सळयांमधून चौदा तारल्या निखाऱ्यात पडल्या. लोलो प्रत्येक वेळी मोठ्याने, "गेली बिचारी!" मागून पापा शांतपणे, "काट्याच्या वरून घातलीस."

"तुला काय माहीत?"

"फाटल्याचा आवाज येतो."

दुपारी जरा हात बसला. टेबलं भरली, बारा सळया एका वेळी. वारा डोंगराकडून होता, म्हणून तारल्या डोंगराच्या बाजूला, वारा त्यांच्या पाठीला, धूर समुद्राकडे. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात पापा म्हणाला, "फिरव. पलीकडे घे सगळ्या."

"का? धूर सरळ जातोय."

"मानेवर बघ."

"मानेवर कसं बघायचं? समोर दिसतंय मला, सरळ जातोय!"

"बरं," म्हणाला.

मिनिटभर गेलं नसेल. वारा पडला, आणि पुढच्या क्षणाला समुद्राकडून आला. सगळा धूर उलटा, बाराच्या बारा सळयांवर, मग टेबलांवर. माणसं खोकत उठली. मावशीने एक तारली तोडून तोंडात घातली आणि थुंकली. बारा सळया मांजरांना. एक गिऱ्हाईक म्हणालं, "फ्रास्को आजारी आहे का?" पापा दोन हातांच्या अंतरावर बसला होता, पाठ करून. ज्याची चौकशी चाललीय तो तिथेच आहे, हे त्या गिऱ्हाइकाला कळलं नाही.

मला सगळं फेकून जावंसं वाटलं. खरंच. बॅग भरलेलीच होती. मंगळवारी फेकलं होतं तसंच. पण मंगळवारी ती सळई कोण शोधत बसलं होतं ते आठवलं, आणि मी परत ओवायला घेतल्या.

पुढच्या वेळी तो "फिरव" म्हणाला तेव्हा फिरवल्या. धूर सरळ जात होता तरी.

सात वाजता कार्मेनमातेची मूर्ती समुद्रात न्यायला निघाले. सगळा किनारा पाण्याकडे रिकामा झाला, लोलो एप्रनसकट पळाला. आम्ही दोघेच उरलो.

"होडीत चढवली?"

"चढवतायत. सोळा-सतरा माणसं पाण्यात उभी आहेत, छातीपर्यंत."

"झगा कुठला?"

"पांढरा."

"गेल्या वर्षी अन्सेल्मो तपकिरी म्हणाला होता. त्याचंही कमी झालंय वाटतं."

एक सळई शिल्लक होती. मी ती लावली. कुणी बघत नव्हतं, म्हणून डोळे मिटले. आधी काहीच नाही, फक्त तिकडचे भोंगे नि घंटा. मग चुर्र. चरबी निखाऱ्यावर पडत होती, जाड, थांबून थांबून. मग जवळजवळ. मग आवाज बारीक झाला, तेल कढईत स्थिरावतं तसा. मी पालटली. परत तेच. काढली, मीठ मारलं, त्याच्या डाव्या हातात दिली.

त्याने एक खाल्ली. काटा पूर्ण निघाला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. दुसरी खाल्ली.

"मीठ कमी," म्हणाला आणि उरलेल्या चार खाल्ल्या.

सोमवार, १७ जुलै

बस अकराची. सात वाजता पापाला उठवून होडीपाशी नेलं. माझी अक्षरं आधीच खरवडून टाकली होती. मीठ कुठे होतं, बादली कुठे होती, मला एकही जागा धड आठवत नव्हती. चार दिवस समोर बघून आठवत नव्हती!

मी म्हटलं, "उभा राहा तुझ्या जागी. मीठ घे."

"कुठे आहे मीठ?"

"कुठेच नाही. तू घे."

त्याला कळलं. पट्टीचा उजवा हात सरळ खाली गेला, जराही न शोधता, आणि थांबला. जिथे थांबला तिथे मी टोपलं ठेवलं. "आता पाणी." डावा हात. तिथे बादली. "सळया." "निखारे." निखाऱ्यांसाठी त्याने हात केलाच नाही, चार पावलं चालून टोकाला गेला आणि पायाने वाळूत खूण केली. "इथे. मुद्दाम लांब असतात ते."

मग त्याला बाजूला करून मी त्या जागी उभा राहिलो, डोळे मिटून, आणि माझ्या हाताने मोजलं. वहीत हा पहिला धडा :

मीठ उजव्या हाताला, दीड वीत. पाणी डाव्या हाताला, दोन वीत, गुडघ्याच्या उंचीवर. सळया पोटासमोर. निखारे चार पावलं, टोकाला. वारा मानेवर. बाकी ऐकायचं.

पेटर्सन बाईंची होडी मी अशीच लावणार आहे. त्या म्हणतील, निखारे इतके लांब का. म्हणू दे.

पण हे बरोबर केलं की नाही, कळत नाही. मी त्याची जागा परत लावून दिली, म्हणजे तो परत विस्तवाशी उभा राहणार. डॉक्टर नको म्हणतात. मावशी म्हणते, हात बरा होईपर्यंत लोलो उभा राहील आणि फ्रास्को खुर्चीवर बसून त्याला शिव्या देईल. त्यानंतर? पापाला विचारलं तर म्हणाला, "उद्या बघू." मी म्हटलं, सप्टेंबरात तिकडचा किनारा बंद झाला की येतो. "ये," म्हणाला. "घाई करू नकोस, मी आळशीच असेन." तिकडे चल म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. तिकडचा वारा त्याला ओळखीचा नाही. म्हटलं नाही.

थांब्यावर मिठी मारली, परत खांद्यांवरून हात फिरवला. "वाळलायस," म्हणाला. मी मागच्या दाराने चढलो, मागेच जागा होती, खिडकीशी बसलो. बस सुरू झाली. पापाने पट्टीचा हात वर केला आणि पुढच्या खिडकीकडे बघून हलवायला लागला, जोरजोरात, ओळखीचं हसून. तिथे कुणी नव्हतं.

हाक मारणार होतो. नाही मारली. उठलो, माणसांचे पाय आणि बॅगा ओलांडत पुढे गेलो आणि त्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.